रुजवात घेणार

तहसील कचेरीतून जुन्या फेरफाराची किंवा एखाद्या निकालपत्राची नक्कल ज्याने कधी मागून घेतली असेल, त्याने तिच्या पायथ्याशी दोन सह्यांच्या दोन जागा पाहिल्या असतील : ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. पहिल्याने अस्सलावरून मजकूर उतरवून काढावयाचा. दुसऱ्याने अस्सल पुढ्यात घेऊन नक्कल त्याच्याशी ओळीओळीने ताडावयाची आणि ती बरहुकूम उतरली आहे अशी खातरजमा झाल्यावरच आपले नाव तिच्याखाली घालावयाचे. ज्याने नक्कल केली त्यानेच तिची ग्वाही देऊ नये, हा संकेत ज्या कोणा मुनशीच्या डोक्यातून प्रथम निघाला असेल त्याला मनुष्यस्वभावाची पारख पुरेपूर असली पाहिजे. कारण आपल्या हातून उतरलेला शब्द माणसाला नेहमीच खरा वाटतो. अलीकडे खिशाखिशांत जे यंत्र येऊन बसले आहे त्याने नक्कल करणाऱ्यांची संख्या कोट्यवधींवर नेली, अंगठ्याच्या एका दाबासरशी शंभर घरी मजकूर पोचविण्याची सोय करून दिली, आणि रुजवात घेणाऱ्याची जागा मात्र रिकामी ठेवली.

ती जागा भरण्याचे काम शाळेतल्या मुलामुलींना शिकवता येईल काय, आणि येत असल्यास कसे, हा प्रश्न मनाशी घेऊन मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहिले. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला आणि १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाणारा भाग धरून हा मुलूख एकेकाळचा एकच; कागदाची शहानिशा करण्याची विद्या महाराष्ट्रात जेथे मुरली अशा ठिकाणांत त्याची गणना होते, आणि शहानिशा न केल्याचे प्रायश्चित्तही याच मुलखाने अलीकडे भोगले आहे.

ते प्रायश्चित्त आधी सांगतो. जत तालुका हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील, कर्नाटकाला लागून असलेला अवर्षणग्रस्त भाग. १३ सप्टेंबर २०२२ रोजी तेथल्या लवंगा या गावी उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू मोटारीने विजापूरकडून पंढरपुरास निघाले असता त्यांनी वाटेत एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या वदंता त्या दिवसांत फोनाफोनांतून हिंडत होत्या. परक्या वेषाच्या, परक्या भाषेच्या माणसांनी लहान मुलाशी बोलावे एवढे निमित्त पुरले, आणि जमलेल्या जमावाने त्या चौघांना मोटारीतून ओढून काठ्यांनी व पट्ट्यांनी मारले. पोलीस आले, त्यांनी साधूंच्या नातेवाइकांशी आणि आखाड्याशी संपर्क साधला, आणि हे खरोखरच साधू आहेत हे तेवढ्याने सिद्ध झाले. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. मला या हकिकतीत सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते ती मारहाणीची नव्हे, कारण जमावाचे क्रौर्य काही नवे नाही. बोचते ते हे की, पोलिसांनी मागाहून जी चौकशी केली ती करण्याचे साधन जमावातल्या बहुतेकांच्या खिशात त्याही क्षणी असले पाहिजे, आणि ज्या यंत्राने वदंता आणली त्याच यंत्रावरून तिचे निरसनही होण्यासारखे होते.

त्याआधी चार वर्षे, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यास अशाच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येऊ नये असा निर्बंध घातला. आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या निमित्ताने दंगल उसळून एका तरुणाचा बळी गेला, तेव्हा जिल्ह्यातील इंटरनेटच काही काळ बंद ठेवण्याची पाळी प्रशासनावर आली. कंपनीने तोटीची धार बारीक केली, सरकारने नळ बंद केला. पाणी गाळून पिण्याची सवय लावणे हे दोघांचेही काम नव्हते, ते शाळेचे.

आणि शाळेला त्यासाठी अमेरिकेकडे किंवा फिनलंडकडे पाहण्यापूर्वी कृष्णेच्या काठाने वाईपर्यंत जाता येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईस सापडलेल्या पत्रांचा. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या धामधुमीतील हा अस्सल पत्रव्यवहार. त्याला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींना आणि साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफच्या इतिहासाला त्या पत्रांच्या समोर उभे करून उलटतपासणी घेतली. बखर कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाला खूष करण्यासाठी, हे प्रश्न त्यांनी इतक्या करडेपणाने विचारले की, तोपर्यंत घरोघर श्रद्धेने वाचल्या जाणाऱ्या कित्येक कथांची पंचाईत झाली. राजवाड्यांच्या स्वतःच्या तर्कांनीही पुढे पुष्कळदा मार खाल्ला, हे त्यांच्या भक्तांना सांगितलेले आवडत नाही. परंतु त्यांनी घालून दिलेली रीत त्यांच्या चुका दाखवायलाही उपयोगी पडली, यातच तिचे मोल आहे. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथ दिलेले असतात. म्हणजे नक्कल करणार कोण आणि अस्सल कोठे, या दोहोंचा ठाव वाचकाला तेथल्या तेथे लागतो. आज तो महाजालावर फुकट वाचावयास मिळतो. इतके असून प्रकल्पवहीत मजकूर उतरवून काढणारी मुले ‘माहिती कोठून घेतली’ या रकान्यात सर्रास ‘गुगल’ असे लिहितात. गाव कोणते असे विचारले असता ‘एसटी स्टँड’ असे उत्तर द्यावे, तशातला हा प्रकार. आणि गुरुजी त्याच्यापुढे बरोबरची खूण करतात.

आता साताऱ्याच्या संग्रहालयाची गोष्ट, जिच्याइतका उत्तम वस्तुपाठ मला दुसरा माहीत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे महाराष्ट्र शासनाने काही काळापुरती मागून आणली आणि १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. त्याच सुमारास कोल्हापूरचे इतिहास-संशोधक इंद्रजित सावंत यांनी, ही शिवछत्रपतींनी वापरलेली वाघनखे असल्याला पुरावा नाही, असा जाहीर आक्षेप घेतला, आणि मग जे व्हायचे ते झाले : एका बाजूस राजभक्ती, दुसऱ्या बाजूस इतिहासनिष्ठा, आणि मध्ये फोनांवरून धो धो वाहणारे शब्द. या गदारोळात जी गोष्ट आठवी-नववीतल्या मुलालाही पाच मिनिटांत करता आली असती ती फारच थोड्यांनी केली, ती म्हणजे ज्या संग्रहालयाची ही वस्तू त्याचेच तिच्याविषयी काय म्हणणे आहे ते त्याच्या संकेतस्थळावर वाचणे. तेथे स्वच्छ लिहिले आहे की, शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही.

पण वर्गाने येथेच थांबू नये. त्या वाघनखांबरोबर एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजीत लेख आहे. त्याचा आशय असा की, शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे हत्यार असून, ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना ते त्याला मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने दिले. हा लेख फळ्यावर उतरवावा आणि मुलांना चुका काढावयास सांगावे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी पडलेला अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे चौथीत शिवचरित्र वाचलेले मूल सांगेल. पेशवा हाच मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. तेव्हा पेशव्याचा पंतप्रधान म्हणजे दिवाणाचा दिवाण कोण, असा खोचक प्रश्न एखादी हुशार मुलगी विचारील. आणि घटना १६५९ ची, देणगी १८१८ नंतरची. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही वस्तू कोणाकोणाच्या हाती होती, याबद्दल तो लेख चकार शब्द काढीत नाही. म्हणजे लेख खोटाच असे ठरत नाही. लिहिणाऱ्याने ऐकीव गोष्ट लिहिली, तिचा काही भाग चुकला, आणि उरलेला भाग खरा की काय ते दुसरा कागद सापडेपर्यंत सांगता येत नाही, इतकेच ठरते. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर फळ्यावर लिहून वर्ग सोडण्याचे धैर्य किती शिक्षकांजवळ असेल, आणि साताऱ्यासारख्या राजधानीच्या गावी ते लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी पालकांची फिर्याद मुख्याध्यापकांकडे येणारच नाही असे कोण सांगू शकेल? मी ही अडचण लहान मानीत नाही. मात्र प्रतापगडाखालच्या पराक्रमाला या पोलादी नखांच्या साक्षीची गरज नाही, तो त्यांच्यावाचून उभा आहे, एवढे गुरुजींनी प्रारंभीच सांगितले तर पुढचा मार्ग बराच सुकर होईल असे वाटते.

येथे अमेरिकेतील एका प्रयोगाची आठवण देणे प्राप्त आहे, कारण तो आम्हा इतिहासवेड्यांचा गर्व उतरवणारा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा इतिहासाचे पंडित, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना संकेतस्थळे पारखावयास दिली. विद्यार्थी फसले यात नवल नव्हते. नवल हे की, जन्मभर कागद तपासण्यात घालवलेले पंडितही कित्येकदा फसले. पानाची मांडणी, संस्थेचे भारदस्त नाव, शेवटी दिलेली संदर्भांची माळ, हे सर्व ते मन लावून वरून खाली वाचत गेले. तपासनिसांनी मात्र पानावर नजर टाकताच ते बाजूला ठेवले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. संशोधकांनी या रीतीला ‘आडवे वाचन’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाकडची माणसे स्वतःविषयी काय सांगतात ते कोणी फारसे मनावर घेत नाही. त्यांच्या शेजाऱ्याकडे, भावकीत, गावच्या किराणा दुकानात चौकशी होते. स्थळाची चौकशी करणाऱ्या आत्याबाईला आडवे वाचन शिकविण्याची गरज नाही. तिच्या भाचीला मात्र ते संकेतस्थळाच्या बाबतीत शिकवावे लागते, कारण संकेतस्थळाला शेजारी असतो हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

सांगलीत या विद्येची प्रयोगशाळा नदीवरच बांधलेली आहे. १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल म्हणजे पावसाळ्यात साऱ्या शहराची नाडी. ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न जुलै-ऑगस्टात चहाच्या टपरीपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर गेले की धोका, हे येथल्या मुलाला पाढ्यांसारखे पाठ. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्याही वर. आणि २००५ ची खूण हीच पराकाष्ठा असे धरून बसलेल्यांची त्या वेळी दैना झाली. पुराच्या दिवसांत संदेशांचाही पूर येतो, हे सांगलीकरांना सांगावयास नको. अमुक धरणाचे दरवाजे उघडले, भिंतीला तडा गेला, रात्री दोनला लोंढा येणार. आणि खाली एखादे भलत्याच सालचे, भलत्याच नदीचे छायाचित्र.

अशा वेळी गणिताच्या शिक्षकाने इतिहासाच्या शिक्षकाला मदत करावी. समजा, कोयनेतून एक लाख टीएमसी पाणी सोडल्याचा संदेश आला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि कोयना धरणाची साठवणच १०५.२५ टीएमसी; तेव्हा हा संदेश लिहिणाऱ्याला टीएमसी म्हणजे काय हे ठाऊक नाही, एवढे पहिल्याच ओळीत कळले. त्याला क्युसेक म्हणायचे असावे असे धरू. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक लाख क्युसेकने चोवीस तासांत ८६४ कोटी घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी पाणी जाते. वरून येणारी आवक शून्य धरली तरी भरलेले धरण त्या वेगाने रिकामे व्हायला बारा दिवस लागतील. ‘धरण रात्रीत रिकामे करणार’ या वाक्याचे काय झाले ते मुलांनी आपले आपण पाहावे. एवढे गणित केल्यावर पाटबंधारे खात्याचे त्या दिवसाचे पत्रक उघडावे, जिल्हा प्रशासनाचा आकडा त्याच्याशी ताडावा, आणि छायाचित्र उलट शोधास लावून ते प्रथम कधी प्रसिद्ध झाले ते काढावे. हे शिक्षण केवळ अफवा मारण्यासाठी नाही. रोज खोट्या हाकाट्या ऐकून कान किटलेला माणूस खऱ्या इशाऱ्याच्या वेळीही जागचा हलत नाही, आणि कृष्णाकाठी त्याची किंमत फार मोठी पडते.

दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या गोष्टी आढळल्या की एक लबाड असलाच पाहिजे, अशी घाई मात्र मुलांना करू देऊ नये. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. कोयनेच्या भूकंपावर लिहिताना एका परदेशी संकेतस्थळावरून मी १० डिसेंबर १९६७ अशी तारीख उचलली होती. लेख छापून आला आणि पाटण तालुक्यातल्या एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले : भूकंप ११ तारखेच्या पहाटे झाला, कारण त्या पहाटे मी अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर धावलो होतो. वृद्धाचे बरोबर होते. संकेतस्थळाचेही चूक नव्हते. आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली तेव्हा ग्रिनिचच्या घड्याळात आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती, आणि भूकंपशास्त्रज्ञ त्या घड्याळाने नोंद ठेवतात. चूक माझी, कारण आकडा कोणत्या घड्याळाचा हे मी विचारले नाही. ते पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे.

प्रश्न विचारण्याची ही परंपरा या मुलखात केवळ दप्तरखान्यात राहिली नाही. महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातच, आणि १८७३ मध्ये त्यांनी स्थापलेल्या समाजाचे नावच सत्यशोधक. त्या संस्कारात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शाळा साताऱ्याची, महाविद्यालय सांगलीचे विलिंग्डन, वैद्यकीय पदवी मिरजेची. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते, दूरध्वनीही घरोघर नव्हता, तरी एका दिवसात देवळांपुढे रांगा लागल्या. यावरून वदंतेला यंत्राची गरज आपण समजतो तितकी नसते, हे दिसते. पृष्ठताणाने चमच्यातले दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने ओघळते, हे दाखवावयास वाटीभर दूध पुरते. दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळांतून आणि शिक्षकांच्या शिबिरांतून हेच काम केले : चमत्कार आधी करून दाखवावयाचा, मग त्याची उकल करावयाची, आणि श्रोत्याचा अपमान होऊ द्यावयाचा नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. प्रश्न विचारणे या प्रांतात निर्धोक आहे, असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून राहिलेली नाही.

श्रोत्याचा अपमान न करण्याची जी रीत, ती मुलांना सर्वांत आधी लागते, कारण त्यांची पहिली परीक्षा वर्गात होत नाही, घरच्या ग्रुपवर होते. तेथे संदेश टाकणारा बहुधा आजोबा किंवा चुलता असतो, आणि वडीलधाऱ्याला सर्वांदेखत खोटे ठरविणे हे कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवू नये. ‘आबा, हे कुणी लिवलंय वो?’ एवढेच विचारावे. तेही एकट्यात, जेवण झाल्यावर. आबांना ते सांगता येत नाही हे आबांचे त्यांनाच कळते, आणि पुढचा संदेश टाकण्यापूर्वी त्यांचा अंगठा किंचित थबकतो.

शाळेत हे सर्व कागदावर आहेच. दहावीच्या २०१८ पासूनच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असे स्वतंत्र प्रकरण आहे आणि माध्यमांतून मिळणारी माहिती चिकित्सेने घ्यावी असा उपदेशही त्यात आहे. परंतु चिकित्सा कशी करावी याचे उत्तर मुले गाइडातून पाठ करतात आणि जशीच्या तशी उतरवून पैकीच्या पैकी गुण मिळवतात. या व्यवस्थेची थट्टा करावी की तिच्यापुढे हात टेकावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. आता तर विचारल्यासरशी गुळगुळीत मराठीत उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे उत्तर पुष्कळदा बरोबर असते. पण अस्सल कोणते हे विचारल्याखेरीज ती बहुधा सांगत नाहीत, आणि सांगितलेले अस्सल खरोखर अस्तित्वात आहे की नाही तेही तपासावेच लागते.

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या त्या वेळच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी ती नोंद आहे. शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांना हे आडनाव कसे मिळाले याविषयी महाजालावर हव्या तितक्या कथा आहेत, एकमेकींशी न जुळणाऱ्या. सातारा आणि सांगलीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थी दिवसाला भाषणे थोडी आखूड करावी आणि प्रत्येक मुलाला त्यांपैकी एकच कथा द्यावी. ती कोणी सांगितली, त्याने ती कोठून घेतली आणि रजिस्टरातली नोंद तिला कितपत दुजोरा देते, हे त्याने वहीत लिहून आणावे; खाली ‘नक्कल करणार’ म्हणून स्वतःची सही करावी, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने मजकूर ताडून पाहिल्यावर दुसऱ्या जागी आपली.